एका टँकमध्ये कोण कोणासोबत राहील? मासे आणि बेडकांसाठी सोबती निवडताना

सकाळी टँकचा लाइट लावला तेव्हा निऑन टेट्राची निळी-लाल शेपटी बेडकाच्या तोंडातून अर्धी बाहेर आली होती आणि बेडूक दोन्ही हातांनी ती आत कोंबत होता. या बेडकाला जीभ नसते. भक्ष्य तो हातांनीच तोंडात ढकलतो. आठ दिवसांपूर्वी आणलेल्या बारा निऑनपैकी पाच उरले होते.

दुकानात मला तो ‘बुटका बेडूक, एकदम शांत, माशांसोबत चालतो’ म्हणून मिळाला होता. प्रत्यक्षात तो आफ्रिकन नखवाला बेडूक होता, त्याचा पांढरा प्रकार. खऱ्या बुटक्या आफ्रिकन बेडकाची पूर्ण वाढ तीन-चार सेंटिमीटर, तर याची मादी दहा-बारा सेंटिमीटरपर्यंत जाते. लहानपणी दोघे साधारण सारखेच दिसतात. ओळखायची खूण पुढच्या हातांवर असते: बुटक्याच्या बोटांमध्ये पडदा असतो, नखवाल्याची बोटं सुटी असतात. एवढं पाहून घेतलं असतं तर सात मासे वाचले असते.

तेव्हापासून नवीन मासा किंवा बेडूक आणताना मी तीन प्रश्न याच क्रमाने विचारतो: पाणी जुळतं का, तोंडात कोण मावतं, आणि स्वभाव कसा आहे. रंग आणि रूप त्यानंतर.

आधी तुमच्या नळाचं पाणी ओळखा

मासा निवडण्याच्या कितीतरी आधी घरात कोणतं पाणी येतं ते कळायला हवं. मुंबईत पालिकेचं पाणी तानसा, वैतरणा, भातसा अशा धरणांतून येतं आणि ते मऊ असतं, म्हणजे त्यात क्षार कमी असतात. पुण्यात खडकवासल्याच्या पाण्याचंही तसंच. बोअरवेलचं पाणी मात्र बहुतेक ठिकाणी जड असतं. साबणाला फेस येत नाही, गीझरच्या कॉइलवर आणि बादलीच्या कडेला पांढरा थर बसतो, तेच हे पाणी. सोसायटीत उन्हाळ्यात टँकर येत असतील तर वर्षभर एकच पाणी मिळेल असंही धरून चालू नका. थेंबांनी तपासायचं किट एकदा घेऊन ठेवा, त्यात पीएच (पाणी आम्ल की अल्क, याचं माप), एकूण कठीणपणा, अमोनिया आणि नायट्राइट एवढ्या चार चाचण्या हव्यातच.

गप्पी, मॉली, प्लॅटी, स्वोर्डटेल ही पिल्लं देणारी मंडळी जड, किंचित अल्कधर्मी पाण्यात खुलतात. पीएच सात ते आठ त्यांना मानवतो. निऑन, कार्डिनल, रॅम, डिस्कस हे दक्षिण अमेरिकेतल्या मऊ, आम्लधर्मी नद्यांचे मासे. मलावी सरोवराचे रंगीत सिक्लिड तिसऱ्याच गटातले, त्यांना बरंच जड आणि आठच्या आसपास पीएच असलेलं पाणी लागतं. म्हणून मॉली आणि निऑन एका टँकमध्ये ठेवले की दोघांपैकी एकाला रोज थोडा त्रास होतो. मासा त्या दिवशी मरत नाही. मॉली एकाच जागी अंग हलवत थरथरत राहते, पर मिटून घेते आणि दोन महिन्यांनी जाते. आपण म्हणतो, ‘काय झालं कळलंच नाही.’

पाणी बदलत बसण्यापेक्षा पाण्याला साजेसे मासे निवडणं फार सोपं. मुंबईत मॉलीच हव्या असतील तर फिल्टरमध्ये प्रवाळाचा किंवा शिंपल्यांचा चुरा ठेवता येतो, पण मग त्या टँकमध्ये सगळे सोबतीही जड पाण्याचेच हवेत. आरओचं पाणी गप्पींना नुसतं देऊ नका, त्यात क्षार जवळजवळ उरलेलेच नसतात.

तापमान हा पाण्याचाच दुसरा भाग. गोल्डफिशला अठरा ते बावीस अंश बरे वाटतात, डिस्कसला अठ्ठावीस ते तीस लागतात. एकाच पाण्यात या दोघांनाही सुखात ठेवणारं कुठलंही तापमान नाही. आपल्याकडे मे महिन्यात टँकचं पाणी तीसच्या वर सहज जातं आणि डिसेंबरात नाशिक-पुण्याकडे रात्री विसाच्या खाली उतरतं. त्यामुळे गोल्डफिशसोबत फायटर, गोल्डफिशसोबत टेट्रा या जोड्या दुकानात शेजारी दिसल्या तरी घरी एकत्र आणू नका. गोल्डफिश घाणही फार करतो. तो स्वतःच्या जातीसोबत, मोठ्या टँकमध्येच बरा.

तोंडात जे मावतं ते खाद्य

मासा विकत घेतो तेव्हा तो पिल्लू असतो. ज्या दोन इंची ‘शार्क’ची जोडी लोक हौसेने नेतात, तो पंगासियस मीटरभर वाढणारा नदीतला मासा आहे. घरच्या टँकमध्ये तो घाबरून काचेवर नाक आपटत राहतो. सिल्व्हर शार्क फूटभर होतो. काच साफ करतो म्हणून घेतलेला सकर दीड फुटाच्या आसपास जातो. ‘पिरान्हा’ म्हणून मिळणारी लाल पोटाची पिल्लं बहुतेक वेळा पाकूची असतात, म्हणजे बाजारात रूपचंद म्हणून विकला जातो तोच मासा.

म्हणून दुकानात जायच्या आधी प्रत्येक माशाची पूर्ण वाढ कागदावर लिहा आणि यादीतल्या सर्वांत मोठ्या माशाच्या तोंडाशी सर्वांत लहान माशाची तुलना करा. एंजलफिश आणि निऑन ही जोडी याचं उत्तम उदाहरण. रुपयाएवढा एंजल सहा महिने निऑनसोबत शांत पोहतो. मग तो तळहाताएवढा होतो आणि एका रात्रीत निऑन कमी व्हायला लागतात. एंजल बिघडला नाही, तो नदीतही असेच लहान मासे खातो.

टँकमध्ये पाणी किती आहे, हेही याच वेळी मोजा. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणा आणि हजाराने भागा, लिटर मिळतील. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टँकमध्ये काठोकाठ साधारण 56 लिटर मावतात. खडी, दगड आणि वरची रिकामी जागा वजा जाता खरं पाणी पंचेचाळीसच्या आसपास उरतं. ‘दोन फुटी टँक आहे, बरेच मासे राहतील’ हा हिशेब इथेच चुकतो.

स्वभाव: काही माशांना गर्दी लागते, काहींना एकांत

टायगर बार्ब चावरा म्हणून बदनाम आहे. त्याचं कारण अनेकदा आपणच असतो, कारण आपण दोन किंवा तीनच आणतो. आठ-दहा बार्ब एकत्र असले की त्यांची आपसातली मस्ती आपसातच राहते. तरीही एंजल, गुरामी, फायटर, लांब शेपटीचा गप्पी यांच्याशेजारी बार्ब नकोच. एंजलच्या पोटाखालचे लांब दोरे त्याला किड्यासारखे दिसतात. निऑन, झेब्रा, कोरी या साऱ्यांनाही किमान सहाचा थवा लागतो. एकटा निऑन फिका पडतो आणि झाडामागे दडून बसतो. ‘प्रत्येकी दोन-दोन द्या’ असं सांगून आणलेला टँक रंगीत दिसतो, पण त्यात एकाही माशाला स्वतःचं माणूस नसतं.

नर फायटर दुसऱ्या नर फायटरसोबत कधीच नाही. गप्पीचा पिसारा त्याला दुसरा नर वाटतो, म्हणून गप्पीही नको. तळाशी फिरणाऱ्या कोरींशी मात्र त्याचं सहसा जमतं. गप्पी, मॉलींमध्ये एका नरामागे दोन-तीन माद्या ठेवा, नाहीतर नर एकाच मादीच्या मागे लागून तिला दमवून मारतात. फ्लॉवरहॉर्न, ऑस्कर, अरोवाना यांना सोबती शोधत बसू नका. ते मासे एकटे राहतात आणि एकटेच चांगले दिसतात.

आपल्याच किनाऱ्यावर जमलेली एक जोडी मला फार आवडते. गोवा-केरळच्या खाडीत कालुंदर आणि नारिंगी क्रोमाइड हे दोन नातलग मासे राहतात. लहान नारिंगी क्रोमाइड मोठ्या कालुंदराच्या अंगावरचे परजीवी टिपून खातो आणि कालुंदर स्थिर राहून त्याला टिपू देतो. खरी सोबत असते तेव्हा ती पाणी, अन्न आणि आकार या तिन्हींवर उभी असते. ही जोडी निमखाऱ्या पाण्याची आहे आणि कालुंदर फूटभर होतो, म्हणून साध्या घरगुती टँकसाठी मी ती सुचवत नाही.

सकर आणि गोल्डफिश ही जोडी तर जवळपास प्रत्येक दिवाणखान्यात दिसते. रात्री सकर गोल्डफिशच्या अंगाला चिकटतो आणि त्याच्या कातडीवरचा चिकट थर खरवडून खातो. सकाळी गोल्डफिशच्या कुशीवर लालसर चट्टा दिसला तर आधी तोच संशय घ्या. काचेवरचं शेवाळ घालवायला लाइटचे तास आठावर आणणं आणि महिन्यातून चारदा हाताने काच घासणं पुरतं.

कोण कुठे पोहतो, हे पाहायला वेळ लागत नाही. झेब्रा वर, टेट्रा मध्ये, कोरी तळाला, असे तीन थर वाटून दिले की लहान टँकमध्येही धक्काबुक्की कमी होते. नेहमी चुकतं ते खाण्याच्या वेगाचं. झेब्रा दहा सेकंदांत पाण्यावरचं खाद्य फस्त करतो. गुरामी विचार करून खातो. दोघे एकत्र असतील तर खाद्य टँकच्या दोन टोकांना टाका.

बेडूक आणि इतर उभयचर: इथे जास्त थांबायला हवं

बेडकाच्या कातडीला खवले नसतात. तिच्यातून पाणी, प्राणवायू आणि पाण्यात विरघळलेलं जवळजवळ सगळंच आत जातं. म्हणून माशांसाठी चालणाऱ्या गोष्टी बेडकाला चालत नाहीत. माशांना पांढरे ठिपके आले की आपण मीठ टाकतो, मॅलाकाइट ग्रीन, फॉर्मेलिन किंवा तांब्याचं औषध टाकतो. बेडकासाठी यातलं काहीही विष ठरू शकतं. सोबती निवडताना हा मुद्दा कोणी सांगत नाही: मासे आणि बेडूक एकत्र असतील तर मासे आजारी पडल्यावर त्यांच्यावर उपचार करायची वाटच बंद होते. नळाच्या पाण्यातलं क्लोरीनही बेडकाला माशाइतकंच, किंबहुना जास्त बाधतं. पाणी टाकण्याआधी क्लोरीन काढणारं औषध घालणं इथे वगळता येत नाही.

बुटका आफ्रिकन बेडूक शांत खरा, पण त्याला नीट दिसत नाही. खाद्य तो वासावर शोधतो. आमच्या शेजारच्या वहिनींच्या टँकमध्ये दोन बुटके बेडूक आणि सहा टायगर बार्ब होते. मी ब्लडवर्मची, म्हणजे बारीक लाल अळ्यांची, गोठवलेली वडी विरघळवून सोडली तेव्हा बेडूक डोकं इकडेतिकडे वळवत, तळावर हात चाचपत, वासाच्या दिशेने हळूहळू सरकत होता. तो तिथे पोचेपर्यंत बार्ब दोनदा येऊन सगळं उचलून गेले होते. त्याच्या मांड्यांची हाडं दिसत होती. टँकमध्ये रोज खाद्य पडत होतं आणि त्याची उपासमार होत होती. बेडूक वेगळ्या टँकमध्ये नेले, लांब चिमट्याने त्यांच्या तोंडासमोर ब्लडवर्म धरले, आणि दोन आठवड्यांत पोट भरलेलं दिसू लागलं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: बुटके बेडूक त्यांच्याच टँकमध्ये ठेवा. चाळीस-पंचेचाळीस लिटरमध्ये चार बेडूक, चोवीस ते सव्वीस अंश, मंद फिल्टर, आणि पाण्याची उंची एक फुटाच्या आत, कारण श्वासासाठी त्यांना सारखं वर यावं लागतं. सोबतीला गोगलगायी चालतील. मासे हवेच असतील तर एम्बर टेट्रासारखे लहान, हळू मासे, आणि बेडकांना चिमट्याने वेगळं भरवायची तयारी. झाकण घट्ट हवं, वायर जाते त्या फटीसह. रात्री बाहेर पडलेला बेडूक सकाळी सोफ्याखाली सुकलेला सापडतो.

नखवाल्या बेडकासाठी सोबती नाहीत. लहान मासे तो गिळतो, मोठे मासे त्याची बोटं तोडतात.

अक्सोलोटल हा पाण्यातच राहणारा सॅलमँडर हल्ली मुलांना फार आवडतो. तो मेक्सिको शहराजवळच्या सोचिमिल्कोच्या कालव्यांतला प्राणी आहे, नैसर्गिक अवस्थेत अतिधोक्यात आलेला. त्याला सोळा ते अठरा अंशांचं पाणी लागतं. आपल्याकडे वर्षातले बहुतेक महिने चिलरशिवाय ते जमत नाही, आणि पंखा लावून दोन-तीन अंशच उतरतात. त्याच्यासोबत मासे ठेवायचे नाहीत, दोन कारणांनी. मासे त्याच्या डोक्यामागचे पिसांसारखे कल्ले किडे समजून कुरतडतात, आणि तो स्वतः मासे गिळायला जातो. कोरीसारख्या माशाच्या पुढच्या परात ताठ काटा असतो. तो घशात अडकला की दोघेही जातात. एकाच आकाराचे दोन अक्सोलोटल मोठ्या टँकमध्ये राहू शकतात. आकार वेगळा असेल तर पाय तुटतात. तळाला खडी नको, ती तो खाद्याबरोबर गिळतो.

अक्सोलोटल वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या सायटिस कराराच्या यादीत आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या 2022च्या दुरुस्तीनंतर अशा प्राण्यांची मालकी आणि त्यांची पिल्लं यांची नोंदणी केंद्र सरकारच्या परिवेश संकेतस्थळावर करावी लागते. विकणारा कागद देत नसेल तर घेऊ नका.

पावसाळ्यात मुलं डबक्यातले बेडूकमासे बाटलीत भरून आणतात आणि टँकमध्ये सोडतात. मासे त्या बेडूकमाशांना खातात, आणि डबक्यातले परजीवी टँकमध्ये येतात. मुलांना डबक्यापाशीच घेऊन जा, रोज एकदा. पाय फुटताना तिथेच दिसतात.

दोन फुटी टँकसाठी मी काय सुचवेन

धरणाचं मऊ पाणी असेल तर आठ निऑन, सहा छोट्या जातीच्या कोरी आणि एकच हनी गुरामी. निऑन मधल्या थरात, कोरी तळाला, गुरामी वर. कोरींसाठी तळाला बारीक वाळू, टोकदार खडीने त्यांच्या मिशा झिजतात. यापेक्षा एक मासाही जास्त नको.

बोअरचं जड पाणी असेल तर फक्त नर गप्पी, सात-आठ. माद्या आणल्या की चार महिन्यांत साठ गप्पी होतात, आणि मग ‘कुठे सोडू’ हा प्रश्न येतो. नुसते नर एकमेकांना थोडे डिवचतात, पण सात-आठ असले की त्रास वाटला जातो. दाट झाडं लावा.

तीन फुटी, दीडशे लिटरच्या वरचा टँक असला तरी सह्याद्रीच्या दक्षिण टोकाचा मिस केरळ मासा मी आता सुचवत नाही, कारण 2022च्या दुरुस्तीने तो वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत गेला आहे.   

आणल्यावर लगेच सोडू नका

नवा टँक भरल्यावर चार ते सहा आठवडे जाऊ द्या. माशांच्या घाणीतून अमोनिया होतो, एक जीवाणू त्याचं नायट्राइट करतो, दुसरा त्याचं नायट्रेट. हे जीवाणू फिल्टरच्या स्पंजात बसेपर्यंत कितीही शांत सोबती निवडले तरी ते पाण्यानेच मरतील. किटवर अमोनिया आणि नायट्राइट शून्य दिसले की सुरुवात करा.

प्रत्येक नवा मासा किंवा बेडूक आधी तीन-चार आठवडे वेगळ्या ठिकाणी ठेवा. पंधरा-वीस लिटरचा प्लास्टिकचा डबा, स्पंज फिल्टर आणि हीटर एवढं पुरतं. पांढरे ठिपके, कुजलेले पर, आत गेलेलं पोट या काळात दिसतं. नाल्यातला जिवंत ट्युबिफेक्स (बारीक लाल किडे) देऊ नका, त्यातून आजार येतात, गोठवलेलं खाद्य घ्या.

मग क्रम. बुजरे आणि थव्याचे मासे आधी, जागा राखणारे शेवटी. गुरामी आधी सोडला तर संपूर्ण टँक त्याचा होतो आणि नंतर येणाऱ्यांना तो पाहुणे मानतो. तसं झालंच असेल तर नवे मासे सोडायच्या आधी दगड-झाडांची जागा बदला, सगळ्यांनाच टँक नवा वाटतो. पिशवी टँकमध्ये तरंगत ठेवा, तासाभरात थोडं थोडं टँकचं पाणी पिशवीत घाला, लाइट बंद करा आणि मासा जाळीने उचलून सोडा. पिशवीतलं पाणी टँकमध्ये ओतू नका.

पहिले तीन दिवस दोन वेळा नीट पाहा: खाद्य टाकताना, आणि लाइट बंद झाल्यावर तासाभराने मोबाइलचा मंद उजेड धरून. बहुतेक मारामाऱ्या रात्री होतात. कोणी हीटरमागे दडून बसलाय, पर फाटलेत, रंग उतरलाय, खायला येत नाही, यातलं एकही सलग दोन दिवस दिसलं तर त्याला उचला. ‘रुळेल हळूहळू’ म्हणून थांबू नका. जाळीचा पडदा किंवा तो प्लास्टिकचा डबा याच वेळेसाठी हाताशी ठेवायचा.

जुळलं नाही तर

जमलं नाही, मासा मोठा झाला, पिल्लं जास्त झाली, तर दुकानदाराला परत द्या किंवा दुसऱ्या हौशी माणसाला द्या. तळ्यात, विहिरीत, नदीत सोडू नका. सकर असाच सोडला गेला आणि आज देशातल्या कितीतरी तलावांत मच्छीमारांच्या जाळ्यात तो येतो, जाळी फाडतो. नखवाल्या बेडकाच्या अंगावर कायट्रिड बुरशी असू शकते. त्याला स्वतःला बहुधा काही होत नाही, पण या बुरशीने जगभरात पाचशेहून जास्त उभयचर जातींची संख्या घटली. आपल्या सह्याद्रीत पावसाळ्यात ओढ्याकाठी ओरडणारे कित्येक बेडूक जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. परदेशी बेडकाच्या टँकचं पाणी बदलताना ते अंगणात किंवा नाल्यात ओतू नका. बादलीत ब्लीच घालून काही तास ठेवा, मगच मोरीत सोडा, आणि त्या टँकची जाळी दुसऱ्या टँकला वापरू नका.